दस्तुरखुद्द

परवा बँकेतून माझा चेक परत आला. खात्यात पैसे होते, तारीख बरोबर होती, अक्षरी आणि आकडी रक्कम जुळत होती. जुळत नव्हती ती सही. शाखेत गेलो तर काउंटरवरच्या मुलीनं एक फॉर्म पुढे सरकवला आणि तीन चौकटींत तीन सह्या करायला सांगितल्या. केल्या. तिनं त्या पाहिल्या, स्क्रीनवरची माझी वीस वर्षांपूर्वीची सही पाहिली आणि शांतपणे म्हणाली, "काका, या तिन्ही सह्या एकमेकींशीपण जुळत नाहीयेत."

हसू आलं, पण लागलंही. मी पोटापाण्यासाठी प्रूफं तपासतो. सकाळी दहापासून संध्याकाळी सातपर्यंत मराठीच डोळ्यांपुढे आणि मराठीच बोटांखाली. लोकांच्या वेलांट्या दुरुस्त करून माझं घर चालतं, आणि मला माझं नाव धड लिहिता येत नव्हतं. घरी येताना रिक्षात हिशेब मांडला, की गेल्या वर्षभरात आपण हातानं काय काय लिहिलं? चार चेक. आहेराच्या पाकिटांवर नावं. औषधाच्या बाटलीवर 'सकाळी १'. संपलं. किराण्याची यादीसुद्धा वाण्याला व्हॉट्सॲपवर जाते.

त्या रात्री जेवणं झाल्यावर कपाटातून एक जुनी डायरी काढली. कुठल्याशा विमा एजंटानं दिलेली, २०११ सालची, पहिली चार पानं सोडली तर कोरी. शाळेत कित्ता गिरवायचो तशी सही गिरवायला बसलो. पहिल्या दोन ओळी हात अवघडलेला; पेन इतकं दाबून धरलेलं की मागच्या पानावर वळ उठले. पाचव्या-सहाव्या ओळीला मनगट सैल झालं. आणि मग सही कधी सुटली ते कळलंच नाही. मी आमच्या आळीतल्या घरांची नावं लिहीत होतो, कोपऱ्यावरच्या गिरणीपासून ओळीनं. मग गिरणीवाल्याच्या चार मुलांची. मग गिरणीचा पट्टा सुटला की कसा फट्‌कन आवाज यायचा ते. घड्याळात पाहिलं तर साडेबारा. बायकोनं दारातून विचारलं, "हिशेब लागत नाहीये का?" रात्री पेन घेऊन बसायला आमच्या घरात दुसरं कारण असत नाही.

तेव्हापासून बहुतेक रात्री बसतो. मजा येते. एवढंच सांगितलं तर मात्र कुणाचं समाधान होत नाही. एक मित्र म्हणाला, "चांगलंय, मेंदूला व्यायाम." दुसऱ्यानं लेखाची लिंक धाडली. हातानं लिहिण्याच्या बाजूनं हल्ली जे कोणी बोलतात ते असेच बोलतात, जणू कारल्याचा रस पाजतायत. स्मरणशक्ती वाढते, एकाग्रता येते, मुलांचे मार्क सुधारतात. या वकिलीची मला धास्ती वाटते.

त्या लिंकमधला पुरावा काय आहे तोही पाहू. २०१४ साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांना व्याख्यानं ऐकवली. काहींनी वहीत टिपणं घेतली, काहींनी लॅपटॉपवर. अर्थ समजून उत्तर देण्याच्या प्रश्नांत वहीवाले सरस ठरले. लॅपटॉपवाले ऐकतील ते जसंच्या तसं उतरवत होते. वहीवाल्यांना तेवढा वेग नसल्यामुळे त्यांना निवडावं लागत होतं, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं गेलं. हा निबंध जगभर गाजला. २०१९ मध्ये दुसऱ्या गटानं तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा फरक इतका ठळक दिसला नाही. ते मात्र फारसं गाजलं नाही. २०२४ मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी ३६ विद्यार्थ्यांच्या डोक्यावर विद्युत्-अग्रांच्या टोप्या चढवून दाखवलं की हातानं लिहिताना मेंदूचे वेगवेगळे भाग एकमेकांशी जास्त बोलतात. ठीक. पण त्या प्रयोगात टंकलेखन करायचं होतं ते एकट्या तर्जनीनं, आणि 'हातानं लिहिणं' म्हणजे काचेवर डिजिटल पेननं लिहिणं. शाई नाही, कागद नाही. त्यावरून मी माझ्या डायरीचं समर्थन करत बसू का? आणि उद्या कुणी सिद्ध केलं की टंकलेखनानंच मेंदू जास्त तरतरीत होतो, तर डायरी मिटून ठेवू?

लोकमान्यांची गोष्टही या वकिलीत हमखास येते. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात टिळकांनी 'गीतारहस्य' लिहिलं ते पेन्सिलीनं, कारण शाई मिळत नव्हती. सुटे कागदही नाहीत, पानांवर आकडे घातलेल्या बांधीव वह्या. १९१४ मध्ये सुटले तेव्हा त्या वह्या सरकारनं लगेच परत दिल्या नाहीत. लोकांना काळजी, आणि टिळक म्हणाले म्हणतात की वह्या त्यांच्याकडे असल्या तरी ग्रंथ माझ्या डोक्यात आहे, सिंहगडावर बसून पुन्हा लिहीन. बघा, म्हणतात, हातानं लिहिलेलं कसं पक्कं राहतं! मला यात उलटंच दिसतं. ग्रंथ आधी डोक्यात होता, मग वहीत. बाळाजी आवजी चिटणीसांची दंतकथाही याच जातीची. शिवाजी महाराजांनी सांगितलेलं पत्र लिहायचं राहून गेलं, आणि वाचून दाखवायची वेळ आली तेव्हा त्यांनी कोऱ्या कागदावरून ते अस्खलित वाचलं. कथा खरी असो-नसो, ज्या लोकांनी ती जपली त्यांना लिहिणं म्हणजे काय ते ठाऊक होतं. कागद महाग, खोडणं लाजिरवाणं, म्हणून वाक्य मनात उभं करूनच खाली उतरवायचं. मी रात्री लिहितो तेव्हा हात सावकाश चालतो आणि वाक्य पुढे जाऊन वळणावर माझी वाट पाहत उभं असतं. पडद्यावर मी वाक्याच्या शेपटावर पाय देत धावत असतो. एवढा फरक मला स्वतःपुरता जाणवतो. त्याला टोपी लागत नाही.

'वळण' म्हटलं तर आठवलं. अक्षराचं वळण आणि माणसाला लावायचं वळण, यांना मराठीत एकच शब्द आहे, आणि माझ्या पिढीनं दोन्ही एकाच छडीखाली घेतली. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर वाटोळं आणि मोकळं हवं, कानामात्रा नीट हव्यात, ओळी मोत्यांच्या माळांसारख्या, भोवती समास सोडलेला, आणि पोथीच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सगळं एकाच टाकानं एका बैठकीत लिहिल्यासारखं दिसायला हवं. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी वाचता येत नाही, हाही व्यवहारी सल्ला त्यात आहे. कारागिरानं कारागिराला सांगावं तसं ते सगळं आहे आणि मला फार आवडतं. पण शाळेच्या भिंतीवर येईस्तोवर त्याचं 'सुंदर हस्ताक्षर हाच खरा दागिना' होऊन गेलं. आमच्या वर्गात एक डावखुरा मुलगा होता. त्याचा डावा हात मास्तर बाकाच्या कडेला करगोट्यानं बांधून ठेवत. उजव्या हातानं तो जे काढायचा त्याला गुण शून्य. मला सुंदर अक्षरासाठी कंपासपेटी मिळाली होती. आज ती आठवते तेव्हा तो करगोटाही आठवतो.

गांधीजींनी आत्मकथेत आपल्या वाईट अक्षराबद्दल हळहळ व्यक्त केली आहे. अक्षर खराब असणं ही अपुऱ्या शिक्षणाची खूण, असंच ते मानत. आणि त्याच माणसानं नोव्हेंबर १९०९ मध्ये इंग्लंडहून आफ्रिकेला जाताना बोटीवर दहा दिवसांत 'हिंद स्वराज' लिहून काढलं. उजवा हात दुखायला लागला तेव्हा डाव्या हातानं लिहिलं, चाळीसेक पानं. अक्षराची लाज वाटणाऱ्या माणसानं डाव्या हाताला पुढे केलं, कारण आतलं थांबत नव्हतं. मला कुणी विचारलं तर मी आत्मकथेतल्या उपदेशापेक्षा या चाळीस पानांच्या बाजूनं उभा राहीन. लिहिण्यातला आनंद अक्षर देखणं असण्यावर अवलंबून नाही. माझं आताचं अक्षर म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून गेली आहे.

आणि हा आनंद सगळ्यांना सारखा वाटलेला नाही, हेही सांगायला हवं. समर्थांचा तो समास ब्राह्मणाला उद्देशूनच सुरू होतो. लेखणी ही या मुलखात शतकानुशतकं काही थोड्या घरांची मिरास होती, आणि बाकीच्यांसाठी ती भीतीची वस्तू. कुळकर्ण्याच्या वहीत काय लिहिलंय हे ज्याला वाचता येत नाही त्यानं त्याखाली अंगठा उठवायचा. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये लिहिणाऱ्या कामगारांवर जो राग काढला आहे तो या अंगठ्याचा राग आहे. १८४८ मध्ये पुण्यात मुलींच्या हातात पाटी दिली गेली तेव्हा गाव खवळलं, ते काही पाटीच्या दगडाला भिऊन नव्हे. त्यामुळे 'अहाहा, बोरू, दौत, टिपकागद' असं कुणी उसासे टाकू लागलं की मी जरा सावध होतो. कुणाची दौत, कुणाचा बोरू?

तरीही, नेमक्या याच ठिकाणी मला माझ्या बाजूचा सर्वांत भक्कम साक्षीदार भेटतो. ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं छोटं गाव आहे. तिथं ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या बायका, काही नव्वदीला टेकलेल्या, गुलाबी लुगडी नेसून, खांद्याला दप्तर लावून शाळेत येऊ लागल्या. पाटीवर अ आ इ ई. त्यांना नोकरी लागणार नव्हती. परीक्षेतले मार्क, एकाग्रता, मेंदूची तरतरी, यातलं काहीही त्यांना विकता आलं नसतं. आयुष्यभर निंदणी-लावणी केलेला हात पाटीवर पेन्सिल धरतो तेव्हा ती कशी धरतो, ते एकदा डोळ्यांपुढे आणा. पाची बोटांनी, विळ्याची मूठ धरावी तशी. पेन्सिल करकरते. 'ग'चा काना पडतो तिकडे पडतो. आणि मग त्या मुठीतून आपलं नाव उतरतं. या बायकांसाठी लिहिणं हे कामही नाही, वळणही नाही, धाकही नाही. फक्त लिहिणं. मला वाटतं, आपल्यासारख्या लिहित्या-वाचत्या घरांतल्या लोकांना या जागेवर पोचायला कॉम्प्युटर यावा लागला. गरज संपल्यावरच आपल्याला ते मोकळं मिळालं.

म्हणून कळफलकाविरुद्ध माझी तक्रार नाही. उलट एक जुनीच व्यवस्था परत आली आहे असं मला दिसतं. पेशवाईतली मोडी पत्रं पाहा. मुख्य मजकूर कारकुनाच्या हातचा. त्यासाठीच मोडी घडलेली. पानावर आधी आडवी रेघ आखून घ्यायची आणि तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता अक्षरं ओढत जायची. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. माझ्यासारख्याच्या पोटावर पाय, पण वेग मिळतो. रोजचा पत्रव्यवहार, जमाखर्च, हुकूम, सगळं या वेगात. पण धन्याला एखादी गोष्ट मनापासून सांगायची असेल तर कारकुनाचा मजकूर संपल्यावर तो स्वतः लेखणी हातात घेई आणि खाली दोन-चार ओळी लिही. तेवढ्या ओळी 'दस्तुरखुद्द'. दस्तुर म्हणजे हस्ताक्षर. आज आपण 'दस्तुरखुद्द मंत्रिमहोदय आले' म्हणतो, म्हणजे ते स्वतः आले. माणसाच्या हातचं अक्षर आणि तो माणूस समोर असणं, या दोन्हींना मराठीनं एकच शब्द वापरला, यावर मी एकदा प्रूफ तपासता तपासता दहा मिनिटं थांबलो होतो.

कॉम्प्युटर आपला कारकून आहे. त्यानं अर्ज लिहावेत, ईमेल लिहावेत, माझी प्रूफंही त्यानंच चालवावीत. त्याचं अक्षरही कुणाच्या तरी हाताचं देणं आहेच; वर्षानुवर्षं सरकारी कॉम्प्युटरवर जो 'मंगल' फॉन्ट दिसत आला तो कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला. तेव्हा त्याला उपरा म्हणून हिणवायचं कारण नाही. पण कारकून शेफारतो हे आपल्या इतिहासात काही नवं नाही. आता तो मजकूरही सुचवू लागला आहे. मध्यंतरी एका परिचिताची आई गेली. मी मोबाइलवर 'भा' टाइप केला तर वरच्या पट्टीत 'भावपूर्ण' आलं, ते दाबलं तर 'श्रद्धांजली'. दोन टिचक्यांत सांत्वन संपलं. ग्रुपवर त्याआधी तीसेक जणांनी तेच पाठवलं होतं. तिथं मला पहिल्यांदा वाटलं, की हे कारकुनावर सोडायला नको होतं.

आणखी एक गोष्ट, जी मराठी माणसालाच कळेल. फोनवर आपल्यातले कितीतरी जण मराठी लिहितात ते रोमन अक्षरांच्या वाटेनं. 'माळ' हवी असेल तर मनात एम-ए-ए आणि मग मोठा एल. म्हणजे शब्द मराठीत सुचतो, रोमन वेशीवर जकात भरतो आणि मग पुन्हा आपल्या गावात येतो. 'ज्ञ' काढायला कुठली तीन अक्षरं दाबायची यावर भलेभले अडतात. 'दऱ्या' लिहायला जावं तर 'दर्या' होतो. डोंगरातून थेट समुद्रात. हातानं लिहिताना ही जकात नाही. ऱ्य काढताना पेनाचं टोक भुवईसारखं हलकेच वाकतं, पुढच्या अक्षराला टेकतं, की झालं. 'ळ' तर माझ्या खास लोभाचा. वरून छोटा देठ उतरतो, हात डावीकडे एक वाटोळं घेतो, न उचलता उजवीकडे दुसरं, आणि सुरुवातीच्या जवळ येऊन थांबतो, आडव्या इंग्रजी आठासारखा. 'बाभळ', 'आभाळ', 'घायाळ' अशी शब्दांची ओळ मी उगाचच लिहीत बसतो. आपला 'ल' पाकळ्यांचा आणि 'श' देठाचा असावा, याची दखल राज्य शासनाला २००९च्या वर्णमालेच्या निर्णयात घ्यावी लागली. फॉन्टांनी दोन्ही हिंदी वळणाचे करून टाकले होते. हाताला असा निर्णय लागत नाही. त्याला पाकळी ठाऊक आहे.

आणि शिरोरेघ. पडद्यावर ती अक्षराबरोबर आयती येते. हातानं लिहिताना आधी अक्षरं मांडायची, शब्द पुरा झाला की मग डावीकडून उजवीकडे रेघ ओढायची. काही जण ओढतच नाहीत, काही पूर्ण ओळीवर एकदम ओढतात. मी शब्दागणिक ओढतो. त्या रेघेच्या वेळेपुरतं मन शब्दापाशी थांबतं. हाच शब्द हवा होता ना? नसेल तर खोडायचा, आणि खोडलेलं पानावर तसंच राहतं. पूर्वी आमच्याकडे हस्तलिखितं यायची तेव्हा एका लेखिकेनं 'नवरा' खोडून 'यजमान' केलं होतं आणि ते खोडून वर पुन्हा 'नवरा' लिहिलं होतं. छापलं ते 'नवरा'. पण मधल्या त्या 'यजमाना'मुळे ती बाई मला पुस्तकापेक्षा जास्त कळली. आता फायली येतात, स्वच्छ. कुठं चुळबूळ झाली होती ते समजायला मार्ग नाही.

मजकूर संपता संपता सांगायचं म्हणजे, त्या परिचिताला मी नंतर पत्र लिहिलं. हात सुरू झाला होता म्हणून मग मावशीलाही लिहिलं. मावशी कोकणात एकटी असते, वय ८४. पोस्टातून पाच रुपयांची दहा कार्डं घेतली होती; एकच कार्ड मागायचा संकोच वाटला. कार्डावर जागा कमी, त्यामुळे शेवटी शेवटी कडेनं आडवं, मग उलटं, पत्त्याच्या रेघेला चिकटून, जसं पूर्वी लिहायचे तसं. आठवडाभर काही कळलं नाही. मग एका दुपारी शेजारच्या मुलाच्या फोनवरून मावशीचा व्हॉट्सॲप आला. माझ्या कार्डाचा फोटो, जरा तिरपा, कडेला तिचा अंगठा आलेला. खाली मुलानं तिच्या सांगण्यावरून टाइप केलेलं: "पत्र पोचले. आनंद झाला. चारदा वाचले. तिसऱ्या ओळीत काय लिहिले आहेस ते लागत नाही, कळव."

मी फोटो मोठा करून पाहिला. चष्मा काढून पाहिला, लावून पाहिला. मलाही लागेना.